एकोणिसावे मिनिट

जो संगणक माझ्या प्रत्येक चाचणीत उत्तीर्ण होत होता, तोच माझी मुलगी खेळायला बसली की मध्येच बंद का पडत होता? या लिखाणाचा प्रश्न एवढाच आहे. उत्तर सापडायला मला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी एका भल्या माणसाला चारचौघांत खोटारडे ठरवले आणि मुलीच्या हातची संधी जवळजवळ घालवली. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते.

मी सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझे माहेर कुर्डुवाडीचे. वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. कोणतेही यंत्र उघडले की ते कागदावर त्याची आकृती काढत आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आकृतीत त्याच्या भोकावर नेऊन ठेवत. माझी शिस्त तिथली. सासर मात्र विणकरांचे, घरात तेलुगू बोलणारे. खालच्या मजल्यावर आमचे सहा यंत्रमाग आहेत, त्यांवर टॉवेल विणले जातात. वरच्या मजल्यावर आम्ही तिघे राहतो. लग्न होऊन आले तेव्हा मागांच्या खडखडाटात मला समोरच्याचे बोलणे ऐकू येत नसे. आता माग थांबले की काहीतरी बिघडले असे वाटते.

आवाजाची सवय होते; सुताच्या धुळीची होत नाही. मागावर सूत घासले की त्यातून बारीक पांढरे तंतू सुटतात, जिन्याने वर येतात आणि जिथे जागा मिळेल तिथे बसतात. त्यामुळे सासरी एक नियम आहे: वस्तू आली की आधी तिची खोळ. दूरदर्शन संचाला खोळ, मिक्सरला खोळ, शिलाई यंत्राला खोळ, पाण्याच्या फिल्टरला खोळ. वस्तू चालू असली तरी शक्यतो ती अंगावरच असते. दर रविवारी सगळ्या खोळी एकदम धुतल्या जातात. नवी नवरी असताना मला याचे हसू यायचे. पुढे मीच त्या शिवू लागले.

आता संगणकाविषयी.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, वाणिज्य शाखेत शिकते. दोन वर्षे ती बाजारातल्या एका गेमिंग कॅफेत तासावर पैसे देऊन एक सांघिक खेळ खेळत असे. पाच जणींनी पाच जणींविरुद्ध खेळायचा, प्रत्येकीने आपापल्या घरून. पुण्यातल्या मुलींचा एक संघ आहे. त्यांची एक खेळाडू नोकरीला लागली आणि जागा रिकामी झाली. त्यांनी माझ्या मुलीचा खेळ पाहिला होता. त्यांनी कळवले, आठवडाभर आमच्याबरोबर सराव कर, मग ठरवू. अट एकच, यंत्र स्वतःचे हवे. कॅफेत बसून सराव चालणार नाही.

तिने आपली दुचाकी विकली. कॉलेजला बसने जाईन म्हणाली. जे पैसे आले ती आमची मर्यादा. त्यापुढे एक रुपयाही घालायचा नाही असे आम्ही दोघींनी ठरवले. तिचे वडील, ज्यांना ती तेलुगूत नान्ना म्हणते, एवढेच बोलले, "गाडी विकून खेळणं घेतंय पोरगं. उद्या खेळणं विकून काय घेणार?"

"तुमचा सातवा माग," ती म्हणाली.

कमी पैशांत असा संगणक बांधायचा असेल तर पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत, हे आधी ठरवावे लागते. आम्ही एका बंद होणाऱ्या कार्यालयाचा जुना संगणक घेतला, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि मुख्य पट्टी, म्हणजे मदरबोर्ड, एकदम मिळाली. वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला सगळे पॉवर सप्लाय म्हणतात, तो मात्र नवा घेतला. तो हलका निघाला तर बाकी सगळे सोबत घेऊन जातो. कॅबिनेट नवे, पण साधे: पुढे जाळी आणि तिच्यामागे हवा आत ओढणारे दोन पंखे. राहिले ग्राफिक्स कार्ड. खेळाची चित्रे तेच काढते आणि सर्वांत महागही तेच. ते आम्ही वापरलेले घेतले, जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानातून. दुकानदार पन्नाशीचे, दखनी मिसळलेली मराठी बोलणारे. कार्डावर आठ दिवसांची हमी त्यांनी तोंडी दिली.

"लिहून द्या," मी म्हणाले.

"मॅडम, लिखा हुआ फाटता है. मी हितंच बसतो. बारा सालांपासून."

मी तरीही लिहून घेतले.

रविवारी जेवणाच्या टेबलावर आम्ही ते जोडले. मी पायऱ्या मोठ्याने वाचायच्या, तिने करायच्या, करून झाल्यावर तिने परत म्हणून दाखवायच्या. तीन तास लागले. बटण दाबले आणि पहिल्याच फटक्यात पडदा उजळला. पंख्यांत निळे दिवे होते. हे खालून वर आले, हात पुसत पाहत राहिले. "गाडी विकून पंखे घेतलेत की," म्हणाले; पण दहा मिनिटे तिथून हलले नाहीत.

सोमवारी दुपारी चार वाजता पहिला सराव सुरू झाला. बावन्नाव्या मिनिटाला संगणक बंद पडला. पडदा काळा, दिवे गेले, पंखे थांबले. कोणतीही सूचना नाही. दोन मिनिटांनी बटण दाबले तर काही झालेच नाही अशा थाटात चालू झाला.

पहिल्यांदा कोणीच मनावर घेतले नाही. मंगळवारी एक्केचाळिसाव्या मिनिटाला तेच झाले, आणि त्या वेळी सराव दुसऱ्या संघाविरुद्ध होता. चौघी पाच जणींशी खेळल्या आणि हरल्या. मुलगी माझ्याकडे आली, कानांवरचा हेडफोन तसाच.

"आई, बघ ना गं काय ते."

मी वही घेतली.

शाळेत मी प्रयोगवही पाच भागांत लिहायला लावते: साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. मुलांना सांगते की अनुमान शेवटी, आधी नव्हे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तसेच केले. पहिला संशय विजेवर. खाली सहा माग चालतात, दुपारी दाब पडत असेल. शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर आणला, बुधवारी सराव चालू असताना प्लगापाशी बसून पाहिले. दाब एकदाही घसरला नाही. संगणक मात्र तिसाव्या मिनिटाला बंद पडला. विजेवर फुली मारली.

दुसरा संशय उन्हावर. एप्रिल होता, उत्तरपत्रिका तपासताना कागदावर घाम पडत होता. पण हा संशय तपासणे सोपे होते. गुरुवारी दुपारी तीनला, ऐन उन्हात, माग चालू असताना, मी स्वतः चाचणी घेतली. आतले भाग दिसावेत म्हणून कॅबिनेटची बाजूची पाटी काढली, कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम लावला आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहीत गेले. एक तास. तापमान अडुसष्ट अंशांच्या पुढे गेले नाही; नव्वदीपलीकडे गेले तरच यंत्र स्वतःला वाचवायला आपोआप बंद होते. यंत्र ठणठणीत. पाटी बसवली, सगळे होते तसे केले, मुलीला म्हटले, "बस."

चोविसाव्या मिनिटाला बंद.

तोही दुसऱ्या संघाविरुद्धचा सराव होता. त्या दिवशी ती रडली नाही, ओरडली नाही. खुर्ची मागे सरकवून काळ्या पडद्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू बसलीस की चालतो. मी बसले की मरतो. माझ्यातच काहीतरी हाय की."

संध्याकाळी संघाच्या कप्तान मुलीचा निरोप आला. तो मुलीने मला वाचून दाखवला. "खेळ छान आहे तुझा. पण दुसऱ्या संघांपुढे दोनदा मध्येच गेलीस. रविवारी बारा वाजता शेवटचं. त्यात गेलीस तर दुसरी मुलगी तयार आहे. राग नको मानू."

राग मानण्यासारखे त्यात काही नव्हते. मीही असेच लिहिले असते.

शुक्रवारी तीच चाचणी पुन्हा घेतली, यंत्र पुन्हा ठणठणीत; मुलगी बसली आणि एकोणिसाव्या मिनिटाला बंद. मी वहीत आकडे एकाखाली एक लिहिले: बावन्न, एक्केचाळीस, तीस, चोवीस, एकोणीस. ज्याला आलेख वाचता येतो त्याला अशी उतरण एकच गोष्ट सांगते: काहीतरी रोज थोडे थोडे मरत आहे. वीज निर्दोष, ऊन निर्दोष, पॉवर सप्लाय नवा. अनुमान शेवटी लिहायचे असते, तसे ते मी शेवटीच लिहिले: कार्ड सदोष. खाली रेघ ओढली.

नवरा वहीत डोकावला. चिडवायचे असले की हे मला शाळेतल्यासारखे बाई म्हणतात. "बाई, तुमच्या वहीत सगळं हाय. चालणारा कॉम्प्युटर तेवढा न्हाय."

शनिवारी सकाळी मी दुकानात गेले. तीन-चार गिऱ्हाइके उभी होती. मी वही उघडून काउंटरवर ठेवली. दुकानदारांनी चष्मा लावून आकडे वाचले, कार्ड मागितले, स्वतःच्या यंत्रात लावले आणि आम्ही उभ्या उभ्या तासभर पाहिले. काही झाले नाही.

"चलता है, मॅडम."

"इथे चालते. घरी चालत नाही."

"तो फिर घर में देखना पडेगा ना?"

इथे मी चुकले. मी आवाज चढवला. वर्गात चढवते तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. "घरातले सगळे मी तपासले आहे. तुम्ही मरायला टेकलेले कार्ड आम्हाला विकलेत आणि तुम्हाला ते माहीत होते."

गिऱ्हाइकांपैकी एक जण हातातली वायर ठेवून निघून गेला. दुकानदारांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

"कल मॅच कितने बजे?"

"बारा."

"नऊला येतो. माझ्यासमोर बंद पडला तर कार्ड तिथंच काढतो, पैसे तिथंच देतो. पण कार्डाची चूक नसली, तर मॅडम, आता जे बोललात ते हितंच उभं राहून परत घ्यायचं."

मी होकार दिला. कार्ड घेऊन घरी आले. उद्याच्या बारापर्यंत दुसरे कार्ड कुठून आणायचे, हा प्रश्न मी परतताना रिक्षात स्वतःला विचारत होते. त्या दिवशी चारच्या सरावाला मुलगी बसलीच नाही. उद्यासाठी जी काही मिनिटे शिल्लक असतील ती वापरायची नाहीत, म्हणाली. यंत्राला मोजकी मिनिटे असतात असे मानू लागलेली ती मुलगी पाहून मला माझ्या अनुमानाची भीती वाटली.

रविवारी दुकानदार नऊला पाच कमी असताना आले. टॉवेलांची मागणी पुरी करायची होती म्हणून सुट्टीच्या दिवशीही माग चालू होते. जिना चढताना त्यांनी रुमाल नाकावर धरला. चहा विचारला तर म्हणाले, "नंतर. आधी मुजरिम दाखवा."

मी नेहमीप्रमाणे चाचणीसाठी पुढे झाले. त्यांनी हाताने थांबवले. "तुम्ही नको, मॅडम. तुम्ही बसलात की चालतो, हे वहीत लिहिलंय. बेटी, तू बस. रोज जसं बसतीस तसं. काय कमी नाही, काय जास्त नाही."

मुलगी बसली. बटण दाबले.

ते कॅबिनेटजवळ उकिडवे बसले, थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "ये काढायचं नाही?"

"काय?"

"ये कापड."

"कशाला?" मी आणि मुलगी एकदमच म्हणालो.

मागच्या रविवारी संगणक जोडून झाल्यावर मी त्याची खोळ शिवली होती. मलमलीची. मागची बाजू तारांसाठी मोकळी ठेवली होती, पुढे जाळीवर एकच पदर, श्वास घ्यायला. चारी कोपऱ्यांना नाड्या. एवढे सगळे करून मी ते वहीत लिहिले नव्हते. साहित्याच्या यादीत स्क्रूंची संख्या होती, पेचकसाचा आकार होता, खोळ नव्हती. मीटर आणि घड्याळ ही माझ्या लेखी उपकरणे होती. खोळ हे घर होते.

दुकानदारांनी कापडाला हात लावला नाही. "राहू दे, बेटी. चालू ठेव. फक्त तापमानाचा आकडा कोपऱ्यात दिसेल असं कर, खेळताना." तशी सोय असते, हे मला ठाऊकच नव्हते. मी तापमान पाहिले होते ते फक्त माझ्या चाचणीत.

नऊ वाजून दहा मिनिटे. तिने सरावाचा खेळ लावला. आकडा एकसष्ट. पाचव्या मिनिटाला बहात्तर. मी त्यांच्याकडे पाहिले; ते पडद्याकडे नव्हे, कापडाकडे पाहत होते. आठव्या मिनिटाला एकोणऐंशी. चाचणीत कधी अडुसष्टच्या वर न गेलेला आकडा. दहाव्याला चौऱ्याऐंशी. त्यांनी तळहात जाळीसमोर धरला, मग माझ्याकडे पाहून जागा करून दिली. मी हात धरला. पुढच्या पंख्यांनी हवा आत ओढायला हवी, म्हणजे कापड आत ओढले गेलेले असायला हवे. ते ओढलेले होते. इतके की जाळीचा एकेक चौकोन त्यावर उमटला होता. मी बोटाने स्पर्श केला. ती मलमल नव्हती. आठवडाभराच्या तंतूंनी तिची छिद्रे भरून ती बोटाला जाड घोंगडीसारखी लागली.

"आई, नव्वद," मुलगी म्हणाली. तिचे हात कळफलकावरच होते.

"चालू ठेव," मी म्हणाले.

त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. सोळाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

खोलीत फक्त खालच्या मागांचा आवाज राहिला. मी नाड्या सोडू लागले. हीच कृती मी दर चाचणीआधी करत होते. पाटी काढायची तर आधी खोळ काढावी लागतेच. आणि चाचणी झाली की पाटी बसवून "सगळे होते तसे" करताना मीच ती परत बांधत होते. गुरुवारी ऐन उन्हातल्या त्या एका तासात मी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि एकच लिहिली होती. शिवाय आकडे रोज का उतरत होते तेही समोर आले. काही मरत नव्हते. रविवारी शिवलेली खोळ सोमवारी स्वच्छ होती आणि शुक्रवारी भरलेली.

खोळ उलटी करून पाहिली. करड्या थराची एक अख्खी पट्टी सोलून हातात आली.

दुकानदार म्हणाले, "मॅडम, इसमें तो एक टोपी बनेगी."

मुलगी हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

पण हसण्याइतका वेळ नव्हता. यंत्र थंड व्हायला हवे होते, आणि दुकानदारांनी पंख्यांच्या पात्यांवर आणि कार्डाच्या आतल्या पत्र्यांत बसलेले तंतू दाढीच्या ब्रशने काढायला सांगितले. नवऱ्याचा ब्रश आणला. सगळे पुन्हा बसवेपर्यंत सव्वाअकरा वाजले. खोळीशिवाय, पाटी लावून, पुन्हा चालू केले. दहाव्या मिनिटाला आकडा सत्तर. पंधराव्या मिनिटाला त्र्याहत्तर. विसाव्यालाही त्र्याहत्तर. मला एक तास हवा होता. पावणेबारा झाले होते.

"अजून सिद्ध झालेले नाही," मी म्हणाले.

"आई, आता वही मिट," मुलगी म्हणाली. "त्या सगळ्या आल्यात."

इतका वेळ दारात उभा असलेला नवरा जाळीकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हे उघडंच ठेवणार? खाली सहा माग फेकतायत. तिच्या ऐन मॅचच्या वेळी आत भरलं म्हणजे?"

"एका तासात काही होत नाही, भाईसाब," दुकानदार म्हणाले.

ह्यांनी ते ऐकले की नाही कोण जाणे. ते जिन्याने खाली गेले. थोड्याच वेळात एक माग थांबला. मग दुसरा. मग एकेक करत सगळे. इतकी वर्षे मी ज्या आवाजात बोलले, जेवले, उत्तरपत्रिका तपासल्या, तो नाहीसा झाला आणि घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला. वर आल्यावर म्हणाले, "दोन तास सुताच्या गाठी मारत बसतो. माल उद्या देईन म्हणून सांगितलंय." मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, तेलुगूतल्या लाडाच्या शब्दात, "बंगारू, खेळ."

मला त्यांना अडवायला हवे होते. खोळ काढली, तेवढीच बदलायची होती. आता मागही थांबवले, म्हणजे पुन्हा एका वेळी दोन बदल. आज यंत्र टिकले तर खोळीमुळे टिकले की मागांमुळे, हे सांगता येणार नव्हते. हे सगळे माझ्या तोंडाशी आले होते. मी बोलले नाही.

बारा वाजता सामना सुरू झाला. खेळ मला कळत नाही. पडद्यावर कोण धावत होते, कोण पडत होते, यातले मी काही सांगू शकत नाही. मी कोपऱ्यातला आकडा पाहत होते. मुलगी मध्येच हेडफोनमध्ये भराभर बोलत होती, "डावीकडं, डावीकडं, एकटीच हाय ती, मी येते." बारा वाजून दहा मिनिटांनी आकडा एकाहत्तर. बारा सोळा, म्हणजे सकाळी बंद पडला ते मिनिट. शहात्तर. माझ्या शेजारी दुकानदार खुर्चीच्या कडेवर बसले होते, चहा निवत होता. शुक्रवारचे एकोणिसावे मिनिट आले. मुलीलाही ते माहीत असावे. तिने क्षणभर डोळे पडद्याच्या वर, भिंतीवरच्या घड्याळाकडे नेले. त्या क्षणात तिच्यावर कोणीतरी नेम साधला आणि ती फेरी तिच्यामुळे गेली.

"घड्याळाकडे बघू नको," मी म्हणाले. हेडफोनमुळे तिला ऐकू गेले नाही. मी उठून घड्याळ खुंटीवरून काढले आणि उलटे ठेवले.

चोवीस. तीस. एके ठिकाणी बरीच धुमश्चक्री झाली आणि आकडा ऐंशीवर गेला. नवरा नकळत जाळीवर वर्तमानपत्राने वारा घालू लागला. दुकानदारांनी त्याचा हात धरून खाली केला. आकडा एकोणऐंशी झाला, सत्याहत्तर झाला. एक्केचाळीस. बावन्न. बावन्नच्या पुढे वहीत आकडाच नव्हता.

एक वाजून चार मिनिटांनी सामना संपला. मुलीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पडदा उजळलेलाच होता.

"जिंकलात?" नवऱ्याने विचारले.

"हरलो."

मग टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज येऊ लागला. तिने तो पुन्हा कानाला लावला, ऐकत राहिली, "हो" म्हणाली, पुन्हा "हो" म्हणाली, आणि शेवटी, "उद्या चारला? येते की."

तिच्या तोंडून पुढे कळले ते असे. कप्तान म्हणाली होती की हरणे सरावाने सुधारते, मध्येच गायब होणे सुधारत नाही. आज तू शेवटपर्यंत होतीस. जागा तुझी.

दुकानदारांनी निवलेला चहा एका घोटात प्यायला आणि उठले. "मॅडम, सोमवारी दुकान दहाला उघडतं."

मी सोमवारी साडेदहाला गेले. शनिवारची गिऱ्हाइके नव्हती, दुसरी दोघे होती. मी म्हणाले, की मी या दुकानदारांवर सदोष माल विकल्याचा आरोप केला होता, तो चुकीचा होता, दोष माझ्या घरात होता, आणि मी तो मागे घेते.

"आवाज थोडा बडा, मॅडम," ते म्हणाले. "शनिवारी बडा होता."

मी पुन्हा, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले. त्या दोन गिऱ्हाइकांना त्याचा अर्थ कळला नसावा. दुकानदारांना पुरला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी राहिलेला प्रयोग पुरा केला. माग चालू आणि खोळ नाही: दीड तास चालला, मीच बंद केला. माग बंद आणि आठवडाभर वापरलेली खोळ अंगावर: सतराव्या मिनिटाला बंद. धुतलेली खोळ अंगावर: चाळीस मिनिटांच्या पुढे गेला, पण तासाच्या आत बंद. ह्यांनी माग थांबवले नसते तरी त्या दिवशी यंत्र टिकले असते. हे मी ह्यांना सांगितले नाही. दोन तास त्यांनी खरोखरच गाठी मारल्या होत्या.

आता खोळ यंत्र बंद असतानाच चढते. चालू करण्याआधी काढायची, हे मुलीने एका कागदावर लिहून बटणावर चिकटवले आहे. बटण दाबायचे तर कागद उचलावा लागतो. जाळी आणि पंखे दर तिसऱ्या दिवशी ब्रशने झाडले जातात. नवऱ्याने दाढीसाठी नवा ब्रश आणला.

हा प्रयोग एका घरात, एका यंत्रावर झालेला आहे. तुमच्या घरी माग नसतील, धूळ निराळी असेल, झाकण्याची रीत निराळी असेल. तेव्हा माझे अनुमान तसेच उचलू नका. तुमचा संगणक रोज जसा वापरता तसाच, काहीही न काढता, तासभर चालवा आणि तापमान लिहा. मग त्याच्यावरचे आणि भोवतालचे जे काही असेल त्यातली एक, फक्त एकच गोष्ट बाजूला करा आणि पुन्हा तासभर लिहा. स्वतः पडताळून पाहा, एवढीच विनंती.